१२०/५, २५०/५ आणि ड्रॉप्स: बाटली बदलली की बाळाला औषध किती मिली द्यायचं?

पाऊलखुणा

बाळ १४ महिन्यांचं, वजन ९ किलो, गेल्या आठवड्यात काट्यावर मोजलेलं. चिठ्ठीवर तापासाठी "पॅरासिटामॉल १२०/५, ५ मिली, लागल्यास ४ ते ६ तासांनी" असं आहे. १२०/५ म्हणजे ५ मिलीत १२० मिग्रॅ. ती बाटली संपली. आता हाताशी दोन आहेत. एक सिरप, त्यावर "प्रत्येक ५ मिलीत २५० मिग्रॅ". दुसरी ड्रॉपरची छोटी बाटली, तिच्यावर "प्रत्येक १ मिलीत १०० मिग्रॅ". दोन्हींची मुदत शिल्लक आहे, सील शाबूत आहे.

१. यातली कुठली वापरता येईल आणि किती? नुसता आकडा नको, हिशेब मांडून हवा.

२. ५ मिलीच्या सिरिंजवर १ आणि २ च्या मध्ये चारच छोट्या रेघा आहेत. दशांशातला आकडा त्यावर कुठे धरायचा? दट्ट्याच्या काळ्या रबराला दोन कडा दिसतात, रेघेवर कुठली आणायची?

३. औषध तोंडातून परत बाहेर येतं. अर्धं गालावर, अर्धं कपड्यावर. अशा वेळी पुन्हा द्यायचं का?

४. सोबत पावडरचं अँटिबायोटिक आहे, त्यात खुणेपर्यंत पाणी घालायचंय. हलवलं की फेस येतो आणि खूण दिसत नाही.

दिवसा आणि रात्री बाळाला सांभाळणारी माणसं वेगळी आहेत. त्यामुळे उत्तर असं हवं की वाचणारा कुणीही तसंच करेल.

निळी_शाई

आधी पहिला प्रश्न, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

"५ मिली" ही मुळात मात्रा नाही. मात्रा आहे १२० मिग्रॅ. ५ मिली हा आकडा त्या संपलेल्या बाटलीपुरता होता, बाटलीबरोबर तोही गेला. चिठ्ठीवरचे मिली नव्या बाटलीला कधीच थेट लावायचे नाहीत. आधी त्यांचे मिलिग्रॅम करायचे, मग त्या मिलिग्रॅमचे नव्या बाटलीतले मिली काढायचे.

पॅरासिटामॉल एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिग्रॅ देतात. ९ किलोला ९० ते १३५. चिठ्ठीतले १२० त्यात बसतात, किलोमागे साधारण १३ पडतात. आता भागाकार:

जुनी बाटली: १२० मिग्रॅ ५ मिलीत, म्हणजे १ मिलीत २४. १२० ÷ २४ = ५ मिली.

नवं सिरप: २५० मिग्रॅ ५ मिलीत, म्हणजे १ मिलीत ५०. १२० ÷ ५० = २.४ मिली.

ड्रॉप्स: १ मिलीत १००. १२० ÷ १०० = १.२ मिली.

ताळा उलटा करून बघायचा: २.४ × ५० = १२०, १.२ × १०० = १२०. उत्तर जुळलं नाही तर बाटली उघडायची नाही. जुळलं तरी बाटलीवरचं लेबल आणि काढलेला आकडा डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला फोनवर वाचून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दुसऱ्या माणसाने केलेला ताळा हा आपणच दोनदा केलेल्या ताळ्यापेक्षा चांगला असतो.

सवयीने ५ मिलीच दिलं तर काय होईल तेही मांडून ठेवतो. नव्या सिरपचे ५ मिली म्हणजे २५० मिग्रॅ, किलोमागे जवळजवळ २८. दुपटीहून जास्त. ड्रॉप्सचे ५ मिली म्हणजे ५०० मिग्रॅ, किलोमागे ५५ च्या वर. चौपटीहून जास्त. आणि हे एका वेळचं झालं, दिवसाचं नाही.

खरा सापळा ड्रॉप्सच्या बाटलीत आहे. बाटली चिमुकली, वर बाळाचं चित्र, म्हणून औषध सौम्य असेल असं वाटतं. असतं नेमकं उलट: तान्ह्या बाळाला कमी गिळावं लागावं म्हणून ते जास्त दाट केलेलं असतं. त्यात एका लेबलवर हिशेब ५ मिलीचा, दुसऱ्यावर १ मिलीचा. २५० आणि १०० शेजारी वाचले की १०० लहान वाटतो, प्रत्यक्षात मिलीमागे ते दुप्पट असतं. याच घोळामुळे अमेरिकेत २०११ साली तान्ह्या बाळांचे दाट ड्रॉप्स बंद करून ते मोठ्या मुलांच्या सिरपइतकेच, म्हणजे १६०/५ चे, करायचं उत्पादकांनी ठरवलं.

तुमच्या दोनांतलं सिरप वापरा. ड्रॉप्सच्या ड्रॉपरवर बहुतेक वेळा १ मिलीपर्यंतच खुणा असतात, तेव्हा १.२ साठी तो दोनदा भरावा लागतो, आणि "दुसऱ्यांदा भरलं होतं का?" हा रात्री दोन वाजता पडणारा प्रश्न फार वाईट. न वापरायची बाटली दुसऱ्या कपाटात उंचावर टाका. एका वेळी एकच बाटली बाहेर.

लिहिण्याची एक सवय: १ पेक्षा कमी असेल तर पुढे शून्य हवंच (०.५, नुसतं .५ नाही), आणि पूर्ण आकड्यामागे शून्य नको (५, ५.० नाही). टिंब पुसट झालं की पहिल्याचे ५ होतात आणि दुसऱ्याचे ५०.

रात्रपाळी

सिरिंजचं सांगते.

१ आणि २ मध्ये चार छोट्या रेघा म्हणजे मधे पाच घरं. १ मिली भागिले ५, म्हणजे एक घर ०.२ चं. तुमच्या सिरिंजवर २ च्या पुढची पहिली छोटी रेघ २.२, दुसरी २.४. बस, दुसरी रेघ. होतं काय, की छोटी रेघ म्हणजे ०.१ असं धरून माणसं २ च्या पुढे चार रेघा मोजतात आणि २.८ भरतात. १ आणि २ मध्ये नऊ रेघा असतील तरच एक घर ०.१ चं. प्रत्येक नव्या सिरिंजवर आधी घरं मोजायची, मग भरायचं.

मात्रा मावेल अशी सगळ्यात लहान सिरिंज घ्या. २.४ ला ३ मिलीची मिळाली तर उत्तम, ५ ची चालेल, १० ची नको. १ मिलीच्या आतलं काही असेल तर १ मिलीचीच. इन्सुलिनची सिरिंज कधीही नको, तिच्यावरच्या खुणा मिलीच्या नसून युनिटच्या असतात. इंजेक्शनची साधी सिरिंजही शक्यतो नको. तिच्या टोकाचं छोटं टोपण औषध ढकलताना सुटून बाळाच्या घशात गेल्याचे प्रकार झालेत. तोंडाने औषध द्यायची सिरिंज वेगळी मिळते. तिलाही टोपण असेल तर पहिलं काम ते काढून कचऱ्यात टाकणं.

रबराच्या दोन कडांपैकी सिरिंजच्या चोचीकडची, औषधाला टेकलेली कड वाचायची. मागची कड वाचली तर औषध कमी भरतं. काही दट्ट्यांचं टोक मधे निमुळतं, शंकूसारखं असतं. तिथे शंकूचं टोक बघायचं नाही, रबर जिथे नळीच्या भिंतीला सगळीकडून टेकतं ती पुढची गोल कड बघायची.

भरायची पद्धत: बाटली हलवा. बाटलीबरोबर भोकाचं प्लॅस्टिकचं बूच आलं असेल तर ते तोंडात घट्ट दाबून बसवा, ते तिथेच राहू द्यायचं. दट्ट्या पूर्ण आत ढकलून सिरिंज भोकात बसवा, बाटली उलटी करा, हवं त्यापेक्षा थोडं जास्त ओढा. बुडबुडे वर चोचीकडे येतील. टिचकी मारा, हवा परत बाटलीत ढकला, मग नेमक्या रेघेवर या. बाटली सरळ करूनच सिरिंज काढा. बूच नसेल तर स्वच्छ कपात थोडं ओतून त्यातून ओढा, आणि उरलेलं परत बाटलीत घालू नका.

मोठा बुडबुडा तसाच ठेवला तर तेवढं औषध कमी जातं. टाचणीच्या टोकाएवढ्या बुडबुड्यासाठी दहा मिनिटं झटत बसायचं कारण नाही. चोचीत शेवटी जो थेंबभर राहतो तो मात्रेत धरलेला नसतो, त्यासाठी जास्त भरू नका आणि पाण्याने धुऊन तोही पाजू नका. १ मिलीच्या आतल्या मात्रेत तेवढ्यानेही फरक पडतो.

आता देणं. बाळ आडवं नको. मांडीवर, पाठ तुमच्या छातीला किंवा कोपराच्या खाचेत, डोकं वर. बाळाचा एक हात तुमच्या काखेमागे गेलेला, दुसरा तुमच्या हाताखाली. सिरिंज ओठांच्या कोपऱ्यातून गालाच्या आत, हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खोबणीत. जिभेवर मधोमध ठेवली तर जीभ औषध बाहेर ढकलते, घशाकडे रोखली तर ठसका लागतो. एका वेळी अर्धा ते एक मिली, मग थांबायचं. गिळलेलं हनुवटीखाली हलताना दिसतं. ते दिसलं की पुढचा अर्धा मिली. २.४ मिलीला तीन ते पाच टप्पे लागतात, मिनिटभर जातं. नाक दाबायचं नाही, रडून तोंड उघडलं की पटकन ओतायचं नाही. रडताना मूल श्वास आत खेचत असतं, औषधही त्याच वाटेने जाऊ शकतं.

बाहेर येण्याचं कारण बहुतेक वेळा जागा आणि वेग हेच असतं, चव नंतर. तरीही थुंकलं तर: दिल्या दिल्या सगळंच्या सगळं बाहेर पडलेलं डोळ्यांनी दिसलं तर एकदा पुन्हा द्या. थोडं गेलं, थोडं सांडलं, नेमकं कळत नाही, तर वरून भर घालायची नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. अंदाजाने घातलेली भर हीच जास्त मात्रा होण्याची सगळ्यात सोपी वाट आहे.

कोरी_पाटी

सिरिंजचा एवढा आग्रह कशाला? बाटलीबरोबर कप येतो, खुणा असतात. शिवाय २० थेंब म्हणजे १ मिली हे सगळ्यांना माहीत आहे, ड्रॉप्ससाठी तेवढं पुरतं की.

निळी_शाई

२० थेंबांचा हिशेब साधारण पाण्याचा, तोही एका ठरावीक नळीतून पडणाऱ्या पाण्याचा. थेंब केवढा पडणार हे नळीच्या तोंडावर, औषधाच्या दाटपणावर आणि ड्रॉपर सरळ धरला की तिरका यावर ठरतं. म्हणून एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावायचा नाही, आणि लेबलवर "थेंब" लिहिलं नसेल तर थेंब मोजायचेच नाहीत.

ड जीवनसत्त्वाच्या ड्रॉप्समध्ये हे फार दिसतं. तान्ह्या बाळाला रोजचे ४०० युनिट सांगितलेले असतात. काही बाटल्यांत ते १ मिलीत असतात, काहींत अर्ध्या मिलीत, काहींत एकाच थेंबात. एका थेंबवाल्या बाटलीतून सवयीने १ मिली रोज गेलं तर महिनोन्‌महिने कित्येक पट जात राहतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

कपाबद्दल: १० मिली द्यायचं असेल आणि मूल स्वतः पिणारं असेल तर कप चालतो. सपाट जागी ठेवून, डोळे खुणेच्या पातळीला आणून, खाली वाकून वाचायचा. हातात धरून वरून बघितला तर चूक ठरलेली. २.४ मिलीला मात्र कप नकोच. कपाचा तळ रुंद, तिथे पातळी केसभर चुकली तरी औषध बरंच चुकतं, आणि दाट सिरप भिंतींना चिकटून राहतं ते वेगळंच. अमेरिकेत २०१६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात २,११० पालकांना औषध मोजायला दिलं होतं. ८४ टक्क्यांनी किमान एकदा चूक केली, आणि कपाने मोजताना चुका सिरिंजपेक्षा कितीतरी जास्त झाल्या, विशेषतः लहान मात्रांत.

स्वयंपाकघरातल्या चमच्याचं तर बोलूच नका. मापाचा छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ चा, हे कागदावर. प्रत्यक्षात डब्यातल्या दोन चमच्यांत पाणी भरून सिरिंजने मोजून बघा, एकात तीन निघेल, दुसऱ्यात सात. चिठ्ठीवर "एक चमचा" असेल तर विचारून त्याचे मिली लिहून घ्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये चमच्यांची भाषाच सोडून फक्त मिलीत लिहा असं सांगितलं, ते उगीच नाही.

मोजपट्टी

चौथ्या प्रश्नावर कुणी आलं नाही म्हणून लिहितो. पावडरच्या बाटलीत दोन चुका होतात, एकमेकींच्या उलट.

पहिली: लेबलवर ३० मिली आहे म्हणून मोजून ३० मिली पाणी घालणं. पावडरही जागा घेते. ३० मिली हे पाणी आणि पावडर मिळून तयार होणारं औषध आहे. ३० मिली पाणी घातलं तर एकूण त्याहून जास्त होतं, औषध पातळ होतं आणि प्रत्येक वेळची मात्रा कमी जाते.

दुसरी: कोरड्या पावडरवर खुणेपर्यंत पाणी ओतून, हलवून, तसंच वापरणं. पावडर भिजली की पातळी खाली उतरते. ती परत खुणेपर्यंत भरली नाही तर औषध ठरल्यापेक्षा दाट राहतं.

म्हणून असं करा. कोरडी बाटली उलटी करून तळाला दोन-चार टिचक्या मारा, खाली बसलेला गोळा सुटू द्या. पाणी उकळून पूर्ण गार झालेलं, कोमटसुद्धा नको. साधारण दोन तृतीयांश पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, तळाचा कोपरा प्रकाशात धरून बघा, कोरडं काही चिकटलेलं नको. मग बाटली ठेवून द्या. फेस बसायला काही मिनिटं लागतात, तोवर हात लावू नका. फेसाचा वरचा काठ नाही, फेसाखालच्या पाण्याची पातळी वाचायची असते. बाटली डोळ्यांसमोर सपाट जागी ठेवा, खुणेपर्यंत पाणी भरा, परत हलवा. पुन्हा पातळी उतरली तर परत भरा. आता ती स्थिर राहील.

खोक्यात पाण्याची वेगळी कुपी दिली असेल तर गोष्ट सोपी: त्यातलं सगळं पाणी घालायचं, खूण शोधायची गरज नाही. लेबल मात्र वाचा.

तयार केल्यावर बाटलीवर शाईने तारीख आणि टाकून द्यायची तारीख लिहा. किती दिवस टिकतं ते औषधागणिक वेगळं, लेबलवर असतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि ७ ते १० दिवसांत टाकावं लागतं. क्लॅरिथ्रोमायसिन उलट फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, ते घट्ट आणि आणखी कडू होतं. फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून कुठलंच नको.

अजून एक हिशेब आधीच करा, बाटली पुरते का? समजा ४ मिली दिवसातून दोनदा, ७ दिवस. ४ × २ × ७ = ५६ मिली. ३० मिलीची एक बाटली चौथ्या दिवशी संपते. दोन बाटल्या आणा, पण दुसरी तेव्हाच भिजवा. दोन्ही पहिल्याच दिवशी भिजवल्या की दुसरीची मुदत विनाकारण चालू होते.

आणि दरवेळी हलवणं. ही सगळी औषधं खाली बसतात. चार दिवस न हलवता दिलं तर वरचं पातळ आधी जातं आणि शेवटचे दोन दिवस मुलाला साका मिळतो. तुमचं पॅरासिटामॉल सस्पेन्शन (कण न विरघळता तरंगत असलेलं औषध) असेल तर तेही असंच बसतं. हलवल्यावर लगेच ओढू नका, फेस सिरिंजमध्ये आला तर तो जागा खातो.

पाऊलखुणा

घरं मोजली, पाचच आहेत. म्हणजे २.४ ही दुसरी रेघ. आतापर्यंत चार रेघाच मोजल्या जात होत्या.

दोन गोष्टी राहिल्या. "४ ते ६ तासांनी" म्हणजे दिवसात सहा वेळा चालेल का? आणि औषध दिल्यावर वीस मिनिटांनी मोठी उलटी झाली तर?

रात्रपाळी

सहा वेळा नाही. ४ तास हे दोन वेळांमधलं कमीत कमी अंतर आहे, वेळापत्रक नाही. २४ तासांत चारपेक्षा जास्त नको. तुमचाच आकडा धरा: १२० मिग्रॅ सहा वेळा म्हणजे ७२०, किलोमागे ८०. चार वेळा म्हणजे ४८०, किलोमागे ५३. कमाल मर्यादा साधारण ६० धरतात, काही ठिकाणी ७५. ८० दोन्हींच्या बाहेर. आणि २४ तास मध्यरात्रीपासून मोजायचे नाहीत, पहिल्या मात्रेपासून मोजायचे. नाहीतर रात्री दहाला चौथी आणि बाराला "नव्या दिवसाची पहिली" असा प्रकार होतो.

झोपलेल्या बाळाला तापाच्या औषधासाठी उठवायचं नाही. औषध आकडा खाली आणायला नसतं, बाळाला बरं वाटावं म्हणून असतं. अँटिबायोटिकचं तसं नाही, ते वेळेला धरून.

उलटीचं: ३० मिनिटांच्या आत झाली तर पॅरासिटामॉल किंवा नेहमीचं अँटिबायोटिक साधारणपणे एकदा पुन्हा देतात. ३० मिनिटांनंतर नाही. पुन्हा दिलेलंही उलटलं तर तिसऱ्यांदा देऊ नका, फोन करा. झटक्यांचं, हृदयाचं किंवा अफूवर्गातलं वेदनाशामक औषध असेल तर हा नियम लावायचाच नाही. तिथे पहिल्याच उलटीला विचारायचं. चुकलेली वेळ भरून काढायला पुढची मात्रा दुप्पट कधीच नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर हे सगळं बाजूला, आधी डॉक्टर. तुमच्या बाळाला लागू नाही, पण हे कुणी दुसरं वाचत असेल.

तिठा

दोन माणसं सांभाळणार म्हणालात, तिथे मोजमापापेक्षा वेगळी चूक होते: दोघंही देतात. याला तोंडी निरोप चालत नाही. बाटलीलाच रबरबँडने कागद बांधा. चार रकाने: तारीख, वेळ, मिली, कुणी दिलं. कागद भरल्याशिवाय झाकण लावायचं नाही, इतका साधा नियम. फ्रिजवर लावलेला कागद विसरतो, बाटलीला बांधलेला विसरता येत नाही.

दुसरं, सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांत बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच. नाव वेगळं, रंग वेगळा, आत तेच. लेबलच्या मागचे घटक वाचा. चार वर्षांच्या आतल्या मुलाला ही मिश्र औषधं आपल्या मनाने द्यायचीच नाहीत.

कुणीतरी आयब्युप्रोफेन आलटून-पालटून द्यायला सांगेलच, म्हणून आधीच. त्याचा हिशेब वेगळा: किलोमागे ५ ते १० मिग्रॅ, अंतर ६ ते ८ तास. बाळ पाणी पीत नसेल, जुलाब-उलट्या असतील, कांजण्या असतील किंवा डेंग्यूची शंका असेल तर नको. दोन औषधं, दोन अंतरं, दोन माणसं म्हणजे गोंधळाला आमंत्रण. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर एकावरच राहा. ॲस्पिरिन तर १६ वर्षांच्या आत डॉक्टरांनी खास कारणाने दिल्याशिवाय नाहीच, रेज सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार त्याच्याशी जोडलेला आहे.

जास्त गेलंय अशी शंका आली तर बाळाकडे बघून ठरवू नका. पॅरासिटामॉलच्या जास्त मात्रेनंतर पहिले २४ तास मूल छान खेळू शकतं, यकृताचं नुकसान मागाहून दिसतं. उताऱ्याचं औषध आहे, ॲसिटिलसिस्टीन, आणि ते पहिल्या ८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. उलटी करवायची नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही. बाटली, सिरिंज आणि तो बांधलेला कागद घेऊन थेट दवाखाना. तिथे पहिले प्रश्न चारच असतात: काय, किती, कधी, वजन किती. लोहाचे ड्रॉप्स किंवा सिरप जास्त गेलं असेल तर तेवढीच घाई.

आणि झाकण. मुलांना उघडायला अवघड असं झाकण म्हणजे मुलांना न उघडणारं झाकण नव्हे. शेवटचा कट्‌ आवाज येईपर्यंत फिरवा, गोड सिरप मानेवर सुकलं असेल तर ओल्या कपड्याने पुसा, नाहीतर ते नीट बसत नाही. गोळी-चॉकलेट म्हणून औषध पाजू नका. चौदा महिन्यांचं मूल आज फर्निचर धरून उभं राहतं, महिन्याभरात त्यावर चढेल.

पाऊलखुणा

एकच शेवटचं. सिरिंजवर २.४ च्या रेघेला पक्क्या शाईने खूण किंवा टेप लावली तर? रात्री दिवा मंद असतो.

रात्रपाळी

या सिरिंजला नको. तिच्याने उद्या कुणी अँटिबायोटिक भरेल आणि त्याच खुणेपर्यंत भरेल. शिवाय धुताना शाईबरोबर छापलेल्या रेघाही पुसट होतात, आणि बाळाचं वजन वाढलं की खूण चुकीची होते पण दिसत राहते. रेघा पुसट झालेली किंवा दट्ट्या अडकणारी सिरिंज टाकून द्यायची.

प्रत्येक औषधाला वेगळी सिरिंज, शक्यतो वेगळ्या मापाची, आणि ती त्या बाटलीलाच बांधलेली. वापरून झाली की दट्ट्या बाहेर काढून दोन्ही भाग साबण-पाण्याने धुवा, सुटेच वाळवा. जोडून ठेवले तर आत ओल राहते आणि रबर चिकटतं. दिवा मोठा लावा, बाळ जागं होईल ते परवडलं.

खूण करायचीच तर बाटलीवर करा. पांढऱ्या पट्टीवर, ठळक, हे एवढंच:

पॅरासिटामॉल २५०/५
एका वेळी १२० मिग्रॅ = २.४ मिली
दोन वेळांत किमान ४ तास, २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा
वजन ९ किलो, आणि त्यापुढे वजन केल्याची तारीख

बाटली संपली की पट्टी तिच्याबरोबर जाऊ द्या, नव्या बाटलीवर चिकटवू नका.